विनयाला हलवलं तेव्हा

"मंगळवारी विनयाला हलवायचंय," राहेलबाई म्हणाल्या.

मी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला. दुकानाच्या दारात त्या भर उन्हात उभ्या होत्या. हातात घडी केलेला कागद, चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या. सहा वर्षांत ही बाई माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. चढायची सोयच मी ठेवली नव्हती.

"कुठे हलवायचंय?"

"कबरस्तानातून. रस्ता रुंद होतोय. कडेच्या अकरा कबरी काढून मागच्या अंगाला न्यायचं ठरलंय. पाळकसाहेबांनी सगळ्या घरांना कागद दिलेत. तुमचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता, म्हणून मीच घेऊन आले."

कागद मी घेतला नाही.

"हलवायची होती तेव्हा हलवली नाहीत," मी म्हणालो. "चार दिवस पोरगी तापाने फणफणत होती. टेम्पोतून, बैलगाडीतून, खांद्यावरून, कशीही दवाखान्यात हलवली असतीत, तर आज तिची हाडं हलवायची वेळ आली नसती."

खिडकीच्या जाळीचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक खाली मान घालून उगाच टेप गुंडाळायला लागलं. राहेलबाईंनी कागद ऐरणीवर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर एक नट ठेवला आणि आल्या वाटेने निघून गेल्या. त्या कधीच उलट बोलत नसत. त्यानेच माझं डोकं जास्त फिरायचं.

राहेलबाई माझ्या सासूबाई. विनया त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा लवकर गेलेला, शिवणकाम करून त्यांनी तिला वाढवलं. गावातल्या ख्रिस्ती मंडळीत त्यांना मोठा मान होता. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायच्या, आणि कुणी आजारी पडलं की प्रार्थनेला हमखास त्यांनाच बोलावणं यायचं. एका घरचं मरायला टेकलेलं लेकरू त्यांनी रात्रभर प्रार्थना केली आणि वाचलं, असं लोक सांगायचे. लोकांनी सांगितलं आणि त्यांनीही ते खरं मानलं, हेच माझं नशीब.

तेव्हा मी साखर कारखान्यात फिटर होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. जानेवारीत, गाळप हंगाम जोरात असताना, विनया माहेरी गेली आणि तिथे तापाने पडली. गुरुवारपासून घरात प्रार्थना चालली होती. बाया जमत होत्या, गाणी म्हणत होत्या, तेल लावत होत्या. रविवारी पहाटे ती बेशुद्ध झाली तेव्हा कुठे जीप शोधायला माणूस धावला. तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकातच तिने प्राण सोडला. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस आधी आणायला हवी होती. हे वाक्य मी पुढे सहा वर्षं भेटेल त्याला ऐकवलं. दफनानंतर तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला, सगळी मंडळी अंगणात बसलेली असताना, मी राहेलबाईंकडे बोट दाखवून म्हणालो होतो, "या बाईने मारलं तिला. हिच्या प्रार्थनेने मारलं." मग कारखाना सोडला, तालुक्याला फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं, आणि चर्चच्या दाराकडे फिरकलो नाही. आईबापांनी माझं नाव शांतवन ठेवलं होतं. लोक त्यावरून हसायचे. मी हसत नसे.

रविवारी उपासना संपायच्या वेळेला मी गावात पोचलो. ज्यांच्या कबरी हलायच्या त्या घरांची माणसं बाकांवर थांबली होती. पाळक गोर्डे नवीन होते, तिशीचे असतील. ते नकाशा दाखवून समजावत होते. मी मागूनच बोललो.

"जागा द्यायच्या कागदावर सही करायच्या आधी आम्हाला विचारलं का?"

सगळ्या माना वळल्या.

"या, शांतवनभाऊ, बसा," पाळक म्हणाले. मी कोण हे त्यांना कुणी तरी सांगितलं असणार.

"बसायला आलो नाही. या माणसांना पुरताना काय सांगितलं होतं तुम्ही लोकांनी? झोपलीत, शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की उठतील. वाजली ना तुतारी! जेसीबीचा भोंगा वाजला. उठवा आता!"

एक म्हातारी रडायला लागली. तिचा मुलगा उठून माझ्या अंगावर आला. पाळकांनी त्याला हाताने थांबवलं.

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "ती चूक झाली, माझीही. जमीन जाणार हे आम्हाला थांबवता आलं नाही. पण मशीन लावायचं नाही, माणसांनी हातानेच काढायचं, एवढं मी रस्तेवाल्यांकडून लिहून घेतलंय. ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही त्यांच्या कबरी मी स्वतः काढणार आहे."

मी भांडायला आलो होतो आणि हा माणूस भांडतच नव्हता.

"माझ्या बायकोला मी काढणार," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. आणि त्या," मी बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकाकडे बोट केलं, "त्यांनी तिथे पाऊल ठेवायचं नाही."

राहेलबाई उठून उभ्या राहिल्या.

"मी येणार," त्या म्हणाल्या.

सहा वर्षांत त्यांनी मला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर होतं. आवाज चढला नव्हता. मी दार आपटून निघून आलो.

मंगळवारी ऊन चढायच्या आत, सहाला, मी कुदळ मारायला सुरुवात केली. मे महिन्याची काळी जमीन, वर भेगा आणि खाली दगडासारखी. कबरस्तानाचा राखणदार दगडूमामा पहार घेऊन ढेकळं सैल करत होता. सत्तरीचा माणूस, पण हात अजून चालायचे. पलीकडे पाळक सदऱ्याच्या बाह्या दुमडून एकटेच खणत होते.

राहेलबाई आल्या. एका हातात पाण्याची कळशी, काखेत मांजरपाटाच्या कापडाची शिवलेली लांब पिशवी. विनयासाठी शिवून आणली होती. कळशी ठेवून त्या बोरीच्या सावलीला बसल्या. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"बाई जिवाला लई लावून घेतात," दगडूमामा हळूच म्हणाला. "माझ्या नातीला विंचू चावला तर मी म्हटलं, बाई, प्रार्थना करा. तर मलाच ओरडल्या. म्हणाल्या, प्रार्थना मी रिक्षात करते, तू आधी पोरीला उचल. तालुक्यापर्यंत आल्या. आता कुणाहीकडे बोलवा, पहिलं हेच, दवाखान्यात चला."

मी कुदळ टाकली.

"मग माझ्या बायकोच्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, बोरीपर्यंत जावं म्हणून. "दुसऱ्यांच्या पोरींना रिक्षा आणि स्वतःच्या पोरीला गाणी?"

दगडूमामा पुन्हा पहार मारायला लागला. मी खणत राहिलो. हाताला फोड आले, फुटले, दांडा चिकट झाला. प्रत्येक घावाला मला वाटत होतं, हा त्या बाईला, हा त्या प्रार्थनांना, हा वर बसून सगळं ऐकणाऱ्या आणि बोट न हलवणाऱ्याला. सहा वर्षं हा राग मी सांभाळला होता. तो होता म्हणून सकाळी उठत होतो, दुकान उघडत होतो.

कमरेच्या वर खोल गेल्यावर फळ्या लागल्या. कुजून मातीच झाल्या होत्या. मी कुदळ बाहेर फेकली आणि हाताने माती सारायला लागलो. आधी साडीचा तुकडा दिसला. लग्नातली पांढरी साडी, तिचा जरीचा काठ तेवढा राहिला होता. मग केस. मला वाटलं होतं फक्त हाडं असतील. केसांचा विचार मी केलाच नव्हता. वेणी होती, जशी घातली होती तशी.

दगडूमामाने डोक्यावरची टोपी काढली.

"आता घरच्यांनी बघायचं," तो म्हणाला आणि वर चढून लांब गेला.

मी गुडघ्यांवर बसलो होतो. हात पुढे जाईना. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये म्हणून चर्चमध्ये गरजलो होतो, आणि आता माझाच हात लागत नव्हता. मग मागून माती घसरल्याचा आवाज झाला. राहेलबाई खड्ड्याच्या काठावर बसून घसरत खाली उतरल्या होत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, पिशवीचं तोंड उघडून ठेवलं आणि पायांकडून सुरुवात केली. एकेक हाड उचलायचं, पदराने माती पुसायची, पिशवीत ठेवायचं. लहान मुलाला आंघोळ घालताना बाया पुटपुटतात तशा पुटपुटत होत्या.

"ऊठ गं विनी. जरा ऊठ. इथून पलीकडे निजायचंय फक्त."

माझं माथं भडकलं. मी त्यांचं मनगट धरलं.

"नाही उठणार ती! बघा नीट. ही बघा, ही तुमची मुलगी! कसलं ऊठ आणि कसलं काय? तुम्हाला बरं आहे. मारायचं, पुरायचं, आणि मग म्हणायचं उठणार आहे. म्हणजे काही बिघडलंच नाही! झोप लागते ना रात्री या गोष्टीने? मला नाही लागत!"

त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही.

"मला या गोष्टीने झोप लागते असं वाटतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"मग कशाला धरून बसलात?"

"मी चुकले शांतवनराव. तुम्ही सहा वर्षं लोकांना सांगता त्यातला एक शब्दही खोटा नाही. गुरुवारी न्यायला हवी होती. माझी प्रार्थना मोठी, असं मला वाटलं. देवाने सांगितलं नव्हतं तिला घरात ठेव म्हणून. मी ठेवली. हे मी रोज म्हणते. पण कुणाला म्हणू? देवाला म्हटलं, त्याने ऐकलं. ज्या पोरीचा जीव गेला तिला कधी म्हणणार? मातीला?"

त्यांनी वेणीवरून हात फिरवला.

"ती उठणार आहे. मनाला बरं वाटावं म्हणून मानत नाही मी. मला भीती वाटते. ती उठली की मला तिच्यासमोर उभं राहायचंय आणि तोंडाने सांगायचंय, विनी, मी चुकले. त्या दिवसासाठी जगतेय. ती उठली नाही, तर मी हे ओझं ठेवू कुठे?"

माझा हात आपोआप सुटला. मला रागवायचं होतं. त्या खड्ड्यात मी राग शोधत होतो, आणि तो सापडला तेव्हा त्याचं तोंड माझ्याकडे होतं. जे सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"तिने मला फोन केला होता."

राहेलबाईंचा हात वेणीवरच थांबला.

"शुक्रवारी. कारखान्याच्या टाइम ऑफिसात. म्हणाली, फार ताप आहे, तुम्ही या, मला दवाखान्यात न्या. आमचं भांडण झालं होतं. न विचारता माहेरी गेली म्हणून मी चिडलो होतो. मला वाटलं, मी यावं म्हणून नाटक करतेय. मी ओरडलो. म्हणालो, नाटकं करू नकोस. तुझी आई आहे ना एवढी मोठी प्रार्थना करणारी, तिला सांग बरं करायला. आणि फोन आपटला."

बोलून झाल्यावर मी तिथेच मातीत बसलो.

"ठाऊक आहे," राहेलबाई म्हणाल्या.

"काय?"

"वाण्याच्या दुकानातून तिने फोन केला तेव्हा मी तिला धरून उभी होते. तिला चालवत नव्हतं. तुमचा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता."

तिसऱ्या दिवसाची प्रार्थना मला आठवली, ते भरलेलं अंगण, माझं बोट. मी खुनी म्हणत होतो आणि ही बाई खाली मान घालून बसली होती. एक वाक्य बोलली असती तर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या असत्या.

"मग बोलला का नाहीत? तेव्हा, सगळ्यांसमोर? परवा चर्चमध्ये?"

"काय बोलायचं होतं? तुम्हीपण मारलं म्हणायचं? त्याने माझं कमी झालं असतं का? आणि विनीने सांगितलं होतं. फोन ठेवून माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, कामाने वैतागलेत गं, रविवारी येतील. मनात ठेवू नकोस. शनिवारी ग्लानीतसुद्धा विचारत होती, रविवार झाला का म्हणून."

मी तोंडावर मातीचे हात घेतले. विनया गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो, ओरडलो होतो. त्या दिवशी खड्ड्यात माझ्या घशातून जे निघालं ते ऐकून पाळक पलीकडून कुदळ टाकून धावत आले. काठावर उभे राहिले, खाली पाहिलं, आणि काही न बोलता मागे सरकले. त्याबद्दल मी त्या माणसाचा कायमचा ऋणी आहे.

राहेलबाई माझ्या शेजारी बसल्या. आतापर्यंत त्या मला शांतवनराव म्हणत होत्या.

"बाळा, इकडे बघ. येशू मेला तेव्हा त्याची माणसं कुठे होती? पळाली होती. एक तर ओळखत नाही म्हणाला. उठल्यावर तो कुणाकडे गेला? त्यांच्याकडेच गेला. दारं लावून बसली होती भीतीने. आत जाऊन काय म्हणाला? कुठे होतात, असं नाही विचारलं. तुम्हाला शांती असो म्हणाला. हातावरच्या जखमा दाखवल्या, लपवल्या नाहीत, आणि शांती असो म्हणाला. रविवारच्या शाळेत वीस वर्षं मी हे पोरांना शिकवलं. मला ते विनी गेल्यावर कळलं."

"विनया मला विचारेल," मी म्हणालो. "फोन का आपटलात, विचारेल."

"विचारू दे की. विचारायला तरी ती असेल."

विचारायला ती असेल. ती समोर उभी आहे, चिडली आहे, कमरेवर हात आहेत आणि विचारते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मला जाणवलं की तिच्या त्या रागासाठी मी काहीही द्यायला तयार आहे. ती संपली, पुसली गेली, आता कुणी विचारणारच नाही, यात सुटका नव्हती. सहा वर्षं मी राहेलबाईंच्या देवावर चिडलो होतो, पण खरं म्हणजे मला विनया हवी होती, जाब विचारायला का होईना. जो मला ती परत देऊ शकतो असा एकच जण होता, आणि त्याच्याशी मी बोलणं टाकलं होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं. डोकं मी घेतलं. राहेलबाईंनी पिशवीचं तोंड धाग्याने शिवून टाकलं, बारीक टाके घालून, घाई न करता.

नव्या जागेवर पाळकांनी पुन्हा दफनविधी वाचला. देह पुन्हा उठतील अशी आमची खात्री आहे, असं त्यात येतं. सहा वर्षांपूर्वी हे शब्द ऐकताना मी दात आवळून उभा होतो. त्या सकाळी सगळे आमेन म्हणाले तेव्हा मीही म्हणालो. आवाज घोगरा निघाला. समोरची म्हातारी, जिला मी रविवारी रडवलं होतं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्या रविवारी मी उपासनेला गेलो. उपासना संपल्यावर पाळकांची परवानगी घेऊन पुढे उभा राहिलो आणि फोनची गोष्ट सगळ्यांना सांगितली. अंगणात बोट दाखवून जितक्या मोठ्याने बोललो होतो तितक्याच मोठ्याने सांगायचं ठरवलं होतं, पण अर्ध्यातच आवाज बसला. उरलेलं हळू बोललो. कुणी मला शिव्या घातल्या नाहीत. काहींनी घालायला हव्या होत्या, असं अजून वाटतं.

राग एकदम गेला असं नाही. कधी दुकानात एकटा असताना उसळी मारतोच, कधी त्यांच्यावर, कधी स्वतःवर, कधी देवावर. पण आता देवाशी बोलता येतं. आणि झोप लागते.

राहेलबाईंना मी त्याच वर्षी माझ्याकडे आणलं. त्या आठ वर्षं माझ्याकडे राहिल्या. एका श्रावणात त्या आजारी पडल्या. मी गाडी काढली, पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. त्यांचं वय झालं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या शुद्धीवर होत्या. मी उशाशी बसलो होतो. त्या हसल्या. भीती वाटते का, मी विचारलं.

"थोडी," त्या म्हणाल्या. "आता तिच्यासमोर जायचंय. काय बोलायचं ते पाठ केलंय, पण आठवेल की नाही कोण जाणे." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझं काही सांगायचंय का तिला?"

सांगण्यासारखं खूप होतं.

"नको आई," मी म्हणालो. "माझं मी येऊन सांगेन."